फांदी कुठे कापावी?

गावात झाडे उतरवणारी माणसे ठरलेली असतात. कौलांवर आलेली आंब्याची फांदी काढायची असो, विहिरीवर झुकलेला उंबर हलका करायचा असो किंवा बांधावरची बाभूळ तोडायची असो, त्यांनाच निरोप जातो. कोयता, कुऱ्हाड, करवत आणि दोर घेऊन ती येतात. अलीकडे चेनसॉही सोबत असते. कामाला हात घालण्यापूर्वी आणि मधल्या चहाच्या वेळात त्यांचे आपसांत जे बोलणे चालते, ते आपण शिक्षकांनी एकदा कान देऊन ऐकण्यासारखे आहे.

‘‘आधी खालनं घाव घाल, मग वरनं. नाहीतर साल सोलत पार खोडापर्यंत येईल.’’

‘‘तुंब्यानं ठोकून बघ, बद्द वाजतंय का.’’

‘‘खुंट ठेवू नको, सडतो. खोडाला लागून साफ घे.’’

‘‘वर शेणमाती थाप, म्हणजे पाणी शिरणार नाही.’’

हे सल्ले कुणी शाळेत शिकवलेले नसतात. थोरल्याच्या हाताखाली काम करता करता धाकटा ते उचलतो आणि पुढे आपल्या हाताखालच्याला सांगतो. यातले पहिले दोन सल्ले आजच्या वृक्षविज्ञानालाही पूर्ण मान्य आहेत. तिसरा अर्धा बरोबर आणि अर्धा घातक आहे. चौथ्याचा लाकडाची कुज थांबवायला उपयोग होत नाही. हा निवाडा व्हायला मात्र जवळजवळ दोनशे वर्षे लागली. शेवटचे दोन सल्ले युरोप-अमेरिकेतही होते आणि तिथे ते छापील ग्रंथांत होते. राजाच्या बागेचे प्रमुख, उमराव आणि नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी होते. एवढी शहाणी माणसे इतकी वर्षे कशी फसली आणि चूक शेवटी कशी उघडकीला आली, हे आता पाहू.

शेण, चुना, राख आणि वाळू

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला ओकच्या लाकडाची मोठी चिंता होती. लढाऊ जहाजे ओकची बनत. १७६५ साली पाण्यात उतरवलेल्या ‘व्हिक्टरी’ या एका जहाजासाठी सुमारे ६,००० झाडे लागली असे सांगितले जाते. ओकला जहाजाच्या कामाचे व्हायला शंभर वर्षे लागतात. अशी झाडे आतून पोकळ निघाली, तर ते देशाच्या संरक्षणाचेच नुकसान होते.

याच काळात विल्यम फोर्साइथ हे राजा तिसरा जॉर्ज याच्या केन्सिंग्टन येथील बागेचे प्रमुख होते. पिवळ्या फुलांच्या ‘फोर्सिथिया’ या झुडपाला त्यांचेच नाव दिलेले आहे. झाडाची जखम भरून काढणारा लेप आपल्याला सापडला आहे, असा त्यांचा दावा होता. लेपाची कृती त्यांनी १७९१ साली प्रसिद्ध केली. ती आपल्याकडे कुणालाही ओळखीची वाटेल. ताजे शेण १६ भाग, जुन्या इमारतींतला चुन्याचा गिलावा ८ भाग, लाकडाची राख ८ भाग आणि वाळू १ भाग. सगळे चाळून, मळून गुळगुळीत करायचे. झाडाचा सडका भाग जिवंत लाकडापर्यंत कोरून काढायचा, कडा तासायच्या आणि वर हा लेप द्यायचा. अशाने पोकळ झाडसुद्धा पुन्हा भरीव होते, असे फोर्साइथ म्हणत. लेपाची पाहणी झाली, जाणत्या लोकांनी शिफारस केली आणि सरकारने त्यांना १,५०० पौंड दिले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती.

इथे वर्गात थांबून विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. झाड सुधारले असे मानले, तरी ते लेपाने सुधारले की सडका भाग कोरून काढल्याने? की ते आपले आपणच सुधारणार होते? हे ठरवायचे असेल तर काय करावे लागेल? एकाच जातीची, एकाच वयाची झाडे घ्यावी लागतील, त्यांना सारख्या जखमा कराव्या लागतील, निम्म्यांना लेप लावून निम्मी तशीच सोडावी लागतील आणि काही वर्षे थांबावे लागेल. शिवाय शेवटी झाड कापून आत पाहावे लागेल. हे शेवटचे काम सर्वांत अवघड, कारण लेप लावून वाचवलेले झाड कोण कापणार?

फोर्साइथ यांच्या दाव्यावर टॉमस अँड्र्यू नाइट यांनी १८०२ साली जाहीर शंका घेतल्या. हे नाव विज्ञानाच्या शिक्षकांना परके नसावे. फिरत्या चाकावर बिया रुजवून मुळे आणि कोंब यांच्या दिशेवर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होतो, हे १८०६ साली दाखवणारे ते हेच. पोकळ झालेले खोड लेपाने पुन्हा भरीव इमारती लाकूड होते, हे नाइट यांना पटत नव्हते. वाद रंगला, पण निकाल लागला नाही. १८०४ साली फोर्साइथ वारले. त्यांच्या लेपाची कृती मागे पडली, मात्र ‘जखमेला काहीतरी लावावे’ ही कल्पना टिकून राहिली.

डांबर आणि ‘साफ’ काप

१८६० च्या दशकात फ्रान्समधील काउंट दे कार यांनी झाडांच्या छाटणीवर एक छोटे पुस्तक लिहिले. फांदी खोडाला अगदी लागून, भिंतीसारखी सपाट कापावी आणि जखमेवर दगडी कोळशाचे डांबर फासावे, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. हे पुस्तक लोकप्रिय झाले. अमेरिकेतील आर्नोल्ड वृक्षोद्यानाचे पहिले संचालक चार्ल्स सार्जंट यांनी १८८१ साली त्याचे इंग्रजी भाषांतर काढले. पुढची जवळजवळ शंभर वर्षे इंग्रजी जगातले वृक्षकामगार हेच शिकले. खुंट ठेवणारा तो कच्चा कारागीर आणि खोडाबरोबर सपाट कापणारा तो पक्का, अशी समजूत रुजली.

ही समजूत टिकली, कारण डोळ्यांना तिचा पुरावा दिसत होता. सपाट कापलेल्या जखमेभोवती, विशेषतः तिच्या दोन्ही बाजूंना, नव्या लाकडाची जाड कड जोमाने वाढताना दिसते. जखम भरून येते आहे असे वाटते. फांदी थोडी दूर कापली तर कड सावकाश आणि बारीक येते. मग चांगला काप कोणता? बाहेरून पाहणारा कुणीही सपाट कापाकडेच बोट दाखवील. सर्वांनी मोजली ती कडेची वाढ, कारण मोजता येत होते ते तेवढेच. खोडाच्या आत काय चालले आहे ते कुणालाच दिसत नव्हते.

आधी बुरशी की आधी कुज?

आत काय चालते याचा पहिला मोठा धागा जर्मनीत मिळाला. कुजक्या लाकडावर बुरशी असते, हे सर्वांना ठाऊक होते. पण लाकूड आधी आपोआप कुजते आणि मग त्यावर बुरशी उगवते, असे बहुतेकांना वाटे. रॉबर्ट हार्टिग यांनी १८७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाचे काप तपासून उलटा क्रम दाखवला. बुरशीचे तंतू लाकडात शिरतात, पेशींच्या भित्ती विरघळवतात आणि त्यामुळे लाकूड कुजते. १८७८ साली त्यांचा यावरचा मोठा ग्रंथ आला. रोगजंतूंमुळे रोग होतात ही गोष्ट पाश्चर आणि कॉख प्रस्थापित करत होते, तोच हा काळ.

याच सुमारास कामकऱ्यांच्या एका सवयीतून शास्त्रज्ञांना किती मोठा लाभ झाला, तेही सांगायला हवे. बोर्दो परिसरातले द्राक्ष-बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण शिंपडत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे चोरू नयेत, पाने विषारी दिसावीत, एवढाच हेतू. १८८२ साली प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले, की केवडा रोगाने इतर वेलींची पाने गळाली आहेत आणि रस्त्याकडेच्या मात्र टिकल्या आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली निष्कर्ष छापले. आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत वापरले जाणारे बोर्डो मिश्रण ते हेच. बागायतदारांना चोर हाकलायचे होते. बुरशी हटली ती आपोआप. मिलार्दे यांनी तो कामाचा भाग वेगळा काढून दाखवला.

हार्टिग यांच्या शोधाने लेपाच्या कल्पनेला मात्र नवे बळ मिळाले. बुरशी बाहेरून येते ना, मग दार बंद करा. डांबर, रंग, मेण, जे मिळेल ते फासा. तर्क बिनचूक वाटतो. पण यात झाडाला अगदीच निष्क्रिय मानले होते. भिंतीला भोक पडले, ते लिंपले, काम झाले. झाड स्वतः काही करते का, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

झाड उभे चिरून पाहिले तेव्हा

अ‍ॅलेक्स शायगो हे १९५९ साली अमेरिकेच्या वनसेवेत वनस्पतिरोगतज्ज्ञ म्हणून दाखल झाले. तोपर्यंत एका माणसाला हाताळता येईल अशी चेनसॉ वापरात आली होती. त्याआधी झाड तपासायचे म्हणजे ते आडवे कापून ओंडक्याच्या गोल तोंडाकडे पाहायचे. शायगो यांनी चेनसॉने झाडे उभी चिरायला सुरुवात केली. फांदीचा उगम मधोमध चिरला, की ती खोडात कशी रुतली आहे, जखम कुठे होती आणि कुज कुठवर गेली, हे पुस्तकाच्या पानासारखे समोर येते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे १५,००० झाडे अशी उघडून पाहिली असे म्हणतात. लाकूडतोड्याचे हत्यार प्रयोगशाळेचे साधन झाले.

त्यांना काय दिसले? आपल्या त्वचेला जखम झाली तर तिथल्या मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात आणि जखम बरी होते. झाडाच्या लाकडाला हे जमत नाही. जखमी किंवा सडलेले लाकूड पुन्हा चांगले होत नाही. झाड दुसरीच युक्ती करते. ते बिघडलेल्या भागाला कोंडून टाकते. जखमेच्या वर-खाली पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवल्या जातात. आतल्या दिशेला वार्षिक वलयांची सीमा अडसर बनते आणि दोन्ही बाजूंना लाकडातल्या आडव्या किरणपट्ट्या. चौथी भिंत सर्वांत मजबूत असते. साल आणि लाकूड यांच्या मधला जिवंत पेशींचा पातळ थर, म्हणजे एधा, जखमेनंतर एक वेगळ्याच प्रकारचा थर तयार करते. त्याच्या बाहेर वाढणारे नवे लाकूड आतल्या कुजीपासून सुरक्षित राहते. शायगो यांनी हे चित्र १९७७ साली स्पष्ट शब्दांत मांडले.

त्यावरून एक जुने कोडे सुटते. पोकळ वड किंवा चिंच वर्षानुवर्षे हिरवीगार कशी उभी राहते? जखम झाली तेव्हा खोडाचा जेवढा घेर होता, साधारण तेवढ्यातच कुज कोंडली गेली. त्यानंतर वाढलेले सगळे लाकूड धडधाकट आहे. ढोलीचा घेर म्हणजे जखमेच्या वेळचे झाड, असे म्हणायला हरकत नाही.

कॉलरचे रहस्य

आता फांदीकडे वळू. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे नीट पाहा. बहुतेक झाडांवर फांदीच्या बुडाशी एक फुगीर वळी दिसते, सदऱ्याच्या कॉलरसारखी. वरच्या बेचक्यात सालीची एक सुरकुतलेली रेघ असते. ही कॉलर फांदीची नसून खोडाची आहे, हे उभ्या छेदात दिसते. दरवर्षी हंगामात आधी फांदीचे लाकूड वाढते, मग खोडाचे लाकूड तिच्या बुडाभोवती गुंडाळले जाते. थरावर थर चढतात आणि कॉलर तयार होते. तिच्या आत, फांदीच्या अगदी तळाशी, बुरशीला रोखणाऱ्या रासायनिक पदार्थांनी भरलेला एक पट्टा असतो. फांदी नैसर्गिकपणे वाळते तेव्हा झाड तिला इथेच तोडून टाकते.

खोडाला लागून सपाट कापले, की ही कॉलर आणि तिच्या आतला संरक्षक पट्टा दोन्ही निघून जातात. जखम आता फांदीला राहिलेली नसते. ती खोडाला झालेली असते, आणि आकारानेही मोठी असते. बुरशीला सरळ खोडात वाट मिळते. मग ती जोमदार कड? कडेची वाढ आणि आतली कुज यांचा सरळ संबंध नसतो, हे उघडलेल्या झाडांनी दाखवले. बाहेर कड मिटत येते आणि आत खोड पोकळ होत जाते, असेही घडते. शंभर वर्षे लोक चुकीची गोष्ट काळजीपूर्वक मोजत होते.

लांब खुंट ठेवणेही वाईटच. खुंट मरतो, त्यावर बुरशी पोसली जाते आणि कडेला मिटायला जागाच राहत नाही. म्हणजे ‘खुंट सडतो’ हे आपल्या माणसांचे म्हणणे खरे. काप कॉलरच्या लगेच बाहेर हवा, कॉलरला धक्का न लावता. ही सूचना अगदी नवी होती असेही नाही. जर्मन वनशास्त्राच्या जुन्या लिखाणात ती आढळते, पण उमराव आणि विद्यापीठे ज्या पुस्तकामागे होती त्याच्या आवाजात ती ऐकू आली नाही.

लेपांचे काय? शायगो आणि त्यांचे सहकारी विल्सन यांनी रेड मेपल आणि अमेरिकन एल्म या झाडांना मुद्दाम जखमा केल्या. काहींवर बाजारातले लेप लावले, काही उघड्या ठेवल्या, आणि पाच वर्षांनी झाडे कापून पाहिली. १९७७ साली त्यांनी निष्कर्ष छापला, की लेपामुळे कुज थांबत नाही. फोर्साइथ यांच्या वेळी राहून गेलेली परीक्षा १८६ वर्षांनी अशी पूर्ण झाली. मात्र याचा अर्थ सगळे लेप सगळीकडे निरुपयोगी, असा काढू नये. अमेरिकेत ओकच्या मर रोगाची बुरशी ताज्या जखमेवर येणारे भुंगेरे पसरवतात. तिथे जखम लगेच रंगवणे आजही योग्य समजतात. लिंबूवर्गीय झाडांच्या सालीवरच्या डिंक्या रोगासाठी आपल्याकडे बोर्डो पेस्ट लावतात, तीही वेगळी बाब आहे. लेप कशासाठी, हे आधी विचारायला हवे.

पुन्हा झाडाखालच्या गप्पांकडे

आता सुरुवातीचे चार सल्ले पुन्हा वाचून पाहा. ‘आधी खालनं घाव’ हा सल्ला जगभर शिकवला जातो. फांदी कलली की खालची साल फाटत खोडावर उतरते. खालचा घाव त्या सालीला तिथेच तोडतो. पद्धत अशी: कापाच्या जागेपासून हातभर पुढे खालून थोडे कापायचे, मग त्याच्याही थोडे पुढे वरून कापून फांदीचे वजन उतरवायचे आणि शेवटी राहिलेला खुंट कॉलरच्या बाहेर कापायचा. ठोकून आवाज ऐकणे ही पोकळी ओळखण्याची पहिली चाचणी म्हणून आजचे तज्ज्ञही करतात. हे दोन सल्ले पक्के का निघाले? कारण त्यांचा परिणाम लगेच, डोळ्यांसमोर दिसतो. साल फाटली की नाही ते त्याच क्षणी कळते. ठोकलेले झाड त्याच दिवशी तोडले जाते आणि पोकळी होती की नव्हती ते उघड होते.

सपाट काप आणि लेप यांचा परिणाम मात्र दहा-वीस वर्षांनी आणि खोडाच्या आत दिसतो. तोवर कापणारा निघून गेलेला असतो. तिथे अनुभव कितीही मोठा असला तरी अपुरा पडतो. मुद्दाम केलेली तुलना आणि दीर्घ प्रतीक्षाच उपयोगी पडते. कामगाराचा काय आणि काउंटचा काय, दोघांचाही सल्ला याच कसोटीला लावायला हवा.

जिथे तेच झाड पिढ्यान्‌पिढ्या कापले गेले, तिथे हा दीर्घ अनुभवही कामगारांच्या गाठीशी जमला. युरोपात सरपणासाठी काही झाडे माणसाच्या डोक्याहून उंच जागी पुन्हा पुन्हा छाटत. दर खेपेला काप त्याच जाड झालेल्या गाठीवर घ्यायचा, गाठीच्या खाली कापायचे नाही, असा तिथला रिवाज. लंडनजवळच्या एपिंग आणि बर्नहॅम बीचेसच्या जंगलांत अशी शेकडो वर्षे वयाची झाडे आजही उभी आहेत. लहानपणापासून ठरावीक जागी छाटलेले झाड टिकते. वाढलेल्या झाडाचा एकदम शेंडा उडवला, की मोठ्या जखमा होतात, कुज शिरते आणि कडेने फुटलेले धुमारे अशक्त जोडाचे राहतात. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांखाली जी मुंडण केलेली झाडे दिसतात, त्यांचे पुढचे दुखणे हेच असते. अशी फांदी शाळेच्या मैदानावर किंवा रस्त्यावर कोसळू शकते, म्हणून हा विषय केवळ झाडांच्या प्रेमाचा नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

शाळेच्या आवारात जुने काप असलेली तीन-चार झाडे निवडा. मुलांना प्रत्येक कापाचे चित्र काढू द्या. कड सगळीकडून सारखी, गोल आली आहे का? तर काप बहुधा कॉलरच्या बाहेर होता. कड फक्त दोन्ही बाजूंना असून वर-खाली नाही? तर काप बहुधा सपाट होता. खुंट उरला आहे का, त्यावर छत्रीसारखी बुरशी आहे का, तेही टिपा. न कापलेल्या फांद्यांवर कॉलर आणि बेचक्यातली रेघ शोधा. आंबा, कडुनिंब, गुलमोहर यांच्यात ती सारखीच दिसते का? तोडलेल्या पोकळ झाडाचा बुंधा कुठे मिळाला, तर ढोलीच्या बाहेरची वलये मोजायचा प्रयत्न करा. आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत वलये स्पष्ट नसतात, पण सागाची सहसा मोजता येतात. जखमेला किती वर्षे झाली याचा अंदाज त्यावरून बांधता येईल. मुलांनी स्वतः फांद्या कापू नयेत. शहरी भागात तर १९७५ च्या कायद्यानुसार झाड तोडायला परवानगीही लागते.

आणि पुढच्या वेळी झाडावर कामकरी येतील तेव्हा मुलांना वहीसह सुरक्षित अंतरावर बसवा. मामा काय म्हणतात ते लिहून घ्यायला सांगा आणि प्रत्येक सल्ल्यापुढे दोन रकाने आखा: ‘याचा परिणाम कधी दिसेल?’ आणि ‘तो कसा तपासता येईल?’ कॉलर कुठे असते ते मुलांनी त्या मामांनाही दाखवावे. आमचा अनुभव असा, की हाताखालच्या लाकडाबद्दल नवे काही कळले तर ही माणसे आपल्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात, आणि लगेच करवत ठेवून खात्री करून घेतात.